ताईची डावी किडनी

मी, गोविंद, बडोद्याच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. तेव्हा पुढचं सांगताना माझी मलाच चीड येते आहे.

माझ्या पोटात दुर्गाताईची डावी किडनी आहे. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा थोरल्या बहिणीनं ती दिली आणि वाटीभर साखर दिल्यासारखी डभोईला परतून कामाला लागली.

ताई कशालाच भ्यायची नाही, विजा सोडून. लहानपणी वीज कडाडली की ती माझा हात घट्ट धरून बसायची.

माणूस घाबरला की मज्जातंतू किडनीत नॉरॲड्रेनलिन सोडतात, तिथल्या पेशी रेनिन नावाचं विकर जास्त बनवू लागतात आणि रक्तदाब चढतो. मुलांना मी हे दरवर्षी शिकवतो. पण बसवलेल्या किडनीचे तंतू कापलेले असतात. तिला घाबरवणार कोण?

तरीही खंडेराव मार्केटात स्वच्छ उन्हात वांगी निवडताना माझं डोकं ठणकू लागलं. दाब भलताच चढलेला, तपासणीत रेनिनही वाढलेलं. सहज ताईला फोन केला तर ती म्हणाली, डभोईला विजांनी नुसता उच्छाद मांडलाय. असं पुन्हा पुन्हा झालं. डॉक्टर योगायोग म्हणाले आणि मी हट्टानं मान डोलावली.

भाद्रपदात ताई हृदयविकारानं गेली. खूप रडलो. पण खरं सांगतो, आता दाब चढणार नाही असंही मनात आलं.

दहाव्याला चांदोदच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, एकही शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. भाचा केयूरनं धाकट्या बहिणीचं लग्न लावून देण्याचा शब्द दिला. मी घराकडे बघेन म्हटलं. कावळे हलले नाहीत.

तेवढ्यात नर्मदेपलीकडे वीज चमकली. मी जराही दचकलो नाही. पण डोकं ठणकू लागलं आणि पोटात काहीतरी आक्रसलं.

“मामा, आता शुं करायचं?” केयूर रडवेला झाला. “आईचं काय राहिलं?”

ताई अजून पूर्ण गेलेलीच नव्हती.

“दर्भाचा कावळा करा,” मी भटजींना म्हणालो. “मी जिवंत आहे तोवर खरा शिवणार नाही.”

परतताना बसच्या खिडकीत विजा चमकत होत्या. मी सदऱ्याखालून पोटावर हात ठेवला, आणि बडोदं येईपर्यंत काढला नाही.