जालना येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. मंठ्याच्या 'नवजीवन ब्रास बँड'मधला मोठा ढोल. माझं डावं तोंड भोकरदनच्या बाजारातल्या बकऱ्याचं आणि उजवं मंठ्याच्या बाजारातल्या बकऱ्याचं. हयातीत त्या दोघांची ओळख नव्हती. मेल्यावर मात्र त्यांना एकमेकांकडे पाठ करून संसार करावा लागला. पेंटरनं माझ्या पोटावर 'नवजीवन' इतकं ऐसपैस रंगवलं, की 'ब्रास बँड' पार मागच्या बाजूला गेलं. त्यामुळे समोरून येणाऱ्या माणसाला मी दवाखाना वाटायचो.

आमचे मास्तर तातेराव क्लॅरोनेट वाजवायचे. संपत मला गळ्यात अडकवून चालायचा. माझं काम सोपं होतं. धम म्हणायचं, थांबायचं, पुन्हा धम म्हणायचं. दर वर्षी सिनेमाची गाणी बदलत, माझं धम बदलत नसे. तरी कौतुक व्हायचं. मी गल्लीत शिरलो की फळीवरची भांडी थरथरायची आणि बायका म्हणायच्या, "आला गं नवजीवन!" मला वाटायचं, ढोलाच्या आयुष्यात एवढंच असतं.

मग आडत्या कचरूलाल सेठजींच्या मुलानं, बद्रीनाथनं, पुण्याहून एक रेकॉर्ड आणली.

आम्ही एका लग्नाहून परतताना सेठजींच्या आडतीवर त्यांच्या घरच्या लग्नाच्या सुपारीचं बोलायला थांबलो होतो. संपतनं मला उंबऱ्यापाशी टेकवलं. आत रेकॉर्ड फिरत होती. कव्हरवरची विलायतेतली लांब केसांची पोरं काहीतरी वाजवत होती. गाणं सुरू झालं, संपल्यासारखं झालं, पुन्हा सुरू झालं. मध्येच कुणीतरी पेटीवर रागावलं. मग घंटा वाजल्या. मग बराच वेळ कुणालाच काही सुचत नव्हतं, आणि तेही त्यांनी वाजवूनच दाखवलं.

"बद्री, तुला ठगवलं," सेठजी म्हणाले. "एका बाजूला एकच गाणं? एवढ्या जागेत आपल्याकडं चार बसतात."

"काकाजी, हा प्रयोग आहे." वडिलांना तो काकाजीच म्हणायचा.

"कशाचा प्रयोग? हे लोक बिलकुल स्वतःसाठीच वाजवून राह्यले. समोर गिऱ्हाईक हाय, ह्याचा पत्ताच न्हाई त्यांला!"

तातेराव दारातून म्हणाले, "सेठजी, पर मी उठून गेलो का?"

"तुमी बसले कवा व्हते?"

खरंच होतं. रेकॉर्डची अख्खी बाजू संपेपर्यंत तातेराव उभेच होते. सुपारीचं बोलायचं राहून गेलं, आणि ते लग्न दुसऱ्या बँडला मिळालं.

त्या उन्हाळ्यात तातेरावांनी स्वतःचं गाणं रचलं. त्याचं नाव 'मंठा ते जालना'. पहिल्या भागात माणसं गाडीची वाट बघतात; तिथं क्लॅरोनेट एकच सूर इतका वेळ धरतं की ऐकणाऱ्याला घड्याळ बघावंसं वाटतं. दुसऱ्या भागात गाडी येते आणि न थांबता निघून जाते. मग दुसरी येते. तिसऱ्या भागात ती वाटेतल्या वाटूर फाट्यावर पंक्चर होते. तिथं सगळा बँड गप्प उभा राहतो. आणि चौथ्या भागात जालना येतं. लोखंडाच्या गिरण्या, टेंपो, सरकीचे ढीग, बाजार. हा सगळा चौथा भाग एकट्या ढोलाचा होता. म्हणजे माझा!

"मास्तर, मंग पहिल्या तीन भागांत मी काय करू?" संपतनं विचारलं.

"वाट बघ."

"कशाची?"

"गाडीची."

तालमीला तातेरावांच्या पत्नी, चांगुणाबाई, शेंगा निवडत बसल्या होत्या. तातेरावांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर लग्न कुणाचं हाय?"

तातेरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.  मला चौथा भाग हवा होता, म्हणून मी प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही.

पहिला प्रयोग कारभारी पाटलांच्या मुलाच्या परण्यात झाला. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात आणि वाजतगाजत मांडवात आणतात, तो परण्या. रस्ता हाकेइतका असतो, पण पोरं घोड्यासमोर नाचत राहतात. मुहूर्त टळतो, भटजी चिडतात, पाहुणे भुकेनं मांडवाच्या खांबाला टेकतात. हे सगळ्यांना मान्यच होतं.

तातेरावांनी एक सूर धरला. नाचणाऱ्यांचा पुढारी वसंता एक हात वर करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं हात बदलला. दुसऱ्या भागात ताल सुरू झाला, पण तो कधी सात मात्रांचा, कधी पाचाचा, आणि वळणावर चक्क नऊचा.

"तातेमामा, पाय कुठं टाकू?" वसंता ओरडला.

"कुठंबी टाक, पर मोजून टाक!"

वसंतानं मोजलं आणि तो घोड्याखाली जाता जाता वाचला. मग पोरं नाचायची थांबली आणि नुसती चालू लागली. जो परण्या दुपार खायचा, तो भराभर मांडवाच्या तोंडाशी आला. तेव्हा आमची गाडी वाटूर फाट्यावर पंक्चर होती. बँड गप्प उभा होता. कारभारी पाटलांना वाटलं, गाणं झालं.

"तातेराव, झाक!" ते म्हणाले. "एक पोरगं हाललं न्हाई. भटजी अजून आंघोळीला गेल्ते, त्यांला वल्लं उचलून आणलं."

"पाटील, गाणं व्हायचंय अजून."

"बराबर वेळेवर संपलं. आता बिलकुल वाजवू नका."

त्या गावात प्रथमच मुहूर्तावर अक्षता पडल्या. बातमी गावोगाव गेली. पिंपळगाव रेणुकाईपासून माणसं सुपारी घेऊन येऊ लागली. "मास्तर, ते न नाचायचं गाणं वाजवा." म्हातारे तातेरावांना नमस्कार करत. पोरं दगड शोधत.

मित्रांनो, त्या वर्षांत झाली तशी बँडची भरभराट पुन्हा कधी झाली नाही. आणि त्याच वर्षांत तातेराव वाळत गेले. कारण गाणं लागलं की कुणी नाचत नसे. नाचत नसे म्हणून परण्या लवकर पोचे. आणि पोचला की गाणं बंद. हंगामामागून हंगाम गेले. आमची गाडी वाटूर फाट्याच्या पुढे एकदाही गेली नाही. तातेराव हळू चालून पाहत, तर मागून करवल्या ढकलत.

"मास्तर," एकदा संपत म्हणाला, "आपून जालनाच आधी वाजवू ना."

"गाडीत न बसता कसं काय पोचतो रे तू?"

मी संपतच्या बाजूनं होतो. मला काय, मी चालतही गेलो असतो.

मग तातेरावांच्या धाकट्या बहिणीचं, बेबीनंदाचं लग्न ठरलं. मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. दोन्ही घरं बौद्ध. लग्न वंदना घेऊन, मंगलगाथा म्हणून लागायचं. मुहूर्ताचं भय नव्हतं. तातेरावांचे डोळे चमकू लागले. आदल्या दिवशी बेबीनंदा त्यांच्याजवळ येऊन बसली.

"दादा, माझ्या लग्नात ते गाणं नको."

"काहून?"

"माझ्या मैत्रिणींला नाचायचंय. मलाबी बघायचंय."

तातेरावांनी क्लॅरोनेट पुसलं. पुन्हा पुसलं. "बरं," म्हणाले.

आणि लग्नात त्यांनी सिनेमाची गाणी वाजवली. मी धम म्हणालो, थांबलो, पुन्हा धम म्हणालो. सगळा मांडव नाचला. वसंता दोन वर्षांची भूक काढत होता. चांगुणाबाई नाचल्या. तातेराव चांगलं वाजवत होते, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

जेवणं झाली. नवरीला न्यायला जालन्याचा टेंपो यायचा होता, तो येईना. ऊन उतरलं तरी येईना. रडून झालं, सांगून झालं, पुन्हा थोडं रडून झालं. लोक सतरंजीवर बसून रस्त्याकडे बघू लागले. कुणालाच कुठं जाता येत नव्हतं.

बेबीनंदा म्हणाली, "दादा, वाजव आता."

"काय?"

"तुझंच."

तातेरावांनी तो एक सूर धरला. या वेळी कुणी हात वर केला नाही. सगळे आधीच गाडीची वाट बघत होते. दुसऱ्या भागात गाडी न थांबता गेली, तेव्हा एका म्हातारीनं तिला शिवी दिली. फाट्यावर बँड गप्प झाला, तर मांडवही गप्प राहिला. दोन पाहुणे झोपले होते, आणि एकजण "काय चालू हाय हे" असं विचारत होता, हे मी लपवणार नाही.

आणि मग संपतनं काठी उचलली.

मित्रांनो, मी काय वाजलो ते मला सांगता येणार नाही, मी आत होतो. पण गिरण्या होत्या, बाजार होता. नेमका तेव्हाच खरा टेंपो आला. ड्रायव्हरनं भोंगा दिला. संपत थांबेना. माणसं उठली, नवरीच्या सामानाची पेटी चढली, नवरी पुढं बसली. संपत थांबेना. आता हे जरा जास्तच होत होतं. पुढचं वाजवणं गाण्यासाठी होतं की आमच्या दोघांसाठी, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

"अहो, चला की!" ड्रायव्हर ओरडला. "जालन्याला पोचायला उशीर व्हतोय!"

बेबीनंदानं त्याच्या हातावर हात ठेवला. "थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्या दादाला पोचू द्या."

शेवटचा टोला पडला. तातेराव खाली बसले. टेंपो गेला.

आता एकोणऐंशी साल चालू आहे. संपत जालन्याच्या गिरणीत लागला. बँडमध्ये प्लास्टिकच्या तोंडाचा नवा ढोल आला आहे. तो पावसात भिजत नाही आणि त्याला कशाचं काही वाटत नाही. मला अंगणात आडवा ठेवला आहे. चांगुणाबाई माझ्यावर कुरडया वाळत घालतात. उजवं तोंड उसवलं आहे, तिथून एक कोंबडी आत येते-जाते.

ते गाणं थोर होतं की नुसती तातेरावांची हौस, हे मला विचारू नका. मी त्यात वाजलो आहे, माझी साक्ष धरता येणार नाही. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरी कुणी असं लांबलचक काही वाजवायला बसलं, तर एखाद्या दिवशी, कुठं जायचं नसेल तेव्हा, शेवटपर्यंत बसा. मग खुशाल नावं ठेवा. आणि जाता जाता त्या कोंबडीला बाहेर काढलंत, तर उपकार होतील.