दिवसा लावलेली कडी

आमच्या करी रोडच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलं तर दोनच अर्थ: घरात कुणी नाही, किंवा घरात कुणी उरलं नाही. पहिल्याला बाहेरून कुलूप असतं, दुसऱ्याला आतून कडी.

आमच्या ह्यांना, म्हणजे लवू सावंतांना, त्या उघड्या दाराचाच वीट आलेला. वय एकाहत्तर, बायपास झालेली. चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून आता शेवटचं घर शोधायचं होतं. आमच्या मुलाने, दीपकने, मस्कतहून दोन ठिकाणं काढून दिली. दोन्ही कर्जतच्या बाजूला, दोन्ही म्हाताऱ्यांसाठी. एकाला भलं मोठं गेट, तीन वॉचमन, आणि पाहुणा आला की मोबाइलवर परवानगी द्यायची. दुसऱ्याला गेटच नाही. मधून गावचा रस्ता जातो, भाजीवाली थेट ओट्यावर येते.

"गेटवालंच घ्यायचं," हे म्हणाले. "इथे बांगडा तळला तरी अख्खा मजला विचारतो, किती आणले. आणि त्या गावकराचं तोंड तरी बघायला नको."

विकास गावकर आमच्या शेजारच्या खोलीतले. अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत. कारण काय, तर पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं. पिंप केव्हाच फुटलं, अबोला शाबूत आहे.

मला बिनगेटचं हवं होतं. "शेवंती, तुला सेफ्टी कळत नाही," म्हणून मला हसले. बायपास ह्यांची, आणि सेफ्टी मला कळत नाही.

मंगळवारी मी प्रभादेवीला सिद्धिविनायकाला गेले. रांगेतच तीन तास गेले. परत येते तर आमच्या गॅलरीत माणसंच माणसं, आणि मला बघून सगळी गप्प. ही चाळ गप्प झालेली मी दोनदाच पाहिलीय, दोन्ही वेळा खाली तिरडी बांधत होते.

"धीर धर गो," कुणीतरी हात धरला. "अर्धो तास दार बंद आसा. हाक मारली, फोन केलो, जबाब नाय."

गावकर पहार घेऊन उभे होते. मला विचारलंसुद्धा नाही. दोन दणके दिले आणि आतली कडी निखळली. मी डोळे मिटले. देवा, गेटवालं घेते, पण हा माणूस राहू दे, एवढंच मनात आलं.

आत हे खुर्चीत बसलेले. जिवंत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, कानांवर दीपकने पाठवलेले जाडजूड हेडफोन. समोर टॅबवर स्पृहा नावाची मुलगी गेटवाल्या कॉलनीतलं घर दाखवत होती. दारात चाळीस माणसं बघून हे भडकले. "प्रायव्हसी म्हणून काही चीज आहे की नाही?"

मी ढसाढसा रडले. रडता रडता ह्यांचा असा उद्धार केला की ती पोर टॅबमध्ये दचकली असेल. मग हेडफोनची वायर उपसली आणि तिलाच विचारलं, "बाई, तुमच्याकडे दिवसा दार बंद राहिलं तर किती वेळाने कळतं?"

"आंटी, आमच्याकडे कुणीच डिस्टर्ब करत नाही," ती कौतुकाने म्हणाली. "चोवीस तास घरात हालचाल नसली तर सिस्टिम इमर्जन्सी कॉन्टॅक्टला मेसेज टाकते."

"तो कोण?"

"अंकलनी फॉर्मवर दिलंय ना. दीपक सावंत, मस्कत."

ह्यांचा हात आपोआप छातीवरच्या टाक्यांवर गेला. थोड्या वेळाने त्यांनी टॅब पालथा घातला.

माणसं पांगली. गावकर मोडकी कडी घेऊन दारातच उभे. "वहिनी, उद्या नवी बसवून देतो," मला म्हणाले, ह्यांना नाही.

"राहू दे म्हणावं," हे भिंतीकडे बघत मला म्हणाले. "आणि विचार त्यांना, जागा कुठे घेतली."

"अजून नाही घेतली, सांगा त्यांना."

"त्या बिनगेटच्या कॉलनीत आमच्या शेजारचा ब्लॉक रिकामा आहे म्हणावं."

गावकरांनी कडी उलटसुलट करून बघितली. "पिंप कुठे ठेवायचं, ते आधी विचारा."

हे वळले. अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"कुठेही ठेवा. फक्त येताना ती पहार आणा."