पालटाची फुगडी

रंगुबाई पंचमीला माहेरी यायची ती पाहुणी म्हणून नव्हे, मालकीण म्हणून. बेलापूरकडे, पाटपाण्याच्या गावात दिलेली लेक ती. एसटीतून उतरली की तिच्या आईच्या, म्हणजे बायडाच्या सासूच्या, गुडघ्यांतली कळ पळायची. मग चुलीवर काय शिजवायचं ते रंगू ठरवायची आणि शिजवायचं मात्र बायडानं. पाथर्डीच्या अंगाला असलेल्या या कोरड्या गावात बायडा सून होऊन आली त्याला बरीच वर्षं लोटली होती, पण गाव तिला नावानं ओळखत नव्हतं. ती आपली रंगूची भावजय.

याला कारण फुगडी. पंचमीच्या दुपारी मारुतीच्या पारापुढे बायकांच्या जोड्यांची चढाओढ लागायची. दरसाल रंगू आणि बायडा जिंकायच्या. रंगू फिरवायची, बायडा तिच्या ओढीनं फिरायची. नंतर सालभर गावात नाव निघायचं ते रंगूचं. भावजयीचं काय, ती नुसती हातांना धरलेली होती!

बाहत्तरच्या श्रावणात मात्र गोजरबाईनं नवीच काडी टाकली. चढाओढीचा निवाडा करायचा मान या म्हातारीचा. ती म्हणाली, "आमच्या सासवांच्या येळंला पालटाची फुगडी हुती. औंदा तीच." म्हणजे असं, की आधी एकीनं फिरवायचं. गोजरबाई 'पालट' म्हणून ओरडली की तिनं रेललेलं अंग आत घ्यायचं, फुगडी दुसरीच्या हाती द्यायची आणि दुसरीनं ती उलट्या अंगाला फिरवायची. जिला उलटी फिरवता आली नाही, तिच्या नावानं जोडी बाद.

आपल्यालाही फिरवायला मिळणार, या विचारानं बायडाला झोप लागेना. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता आणि अर्धं गाव खडी फोडायला सरकारी कामावर जात होतं. दुपारच्या सुट्टीत बायडा शेजारच्या रतनला धरून बाभळीखाली पालट घोटायची. कामावरच्या बायका भाकरी खाता खाता बघत राहायच्या. बायडाचा हात असा, की समोरचीला फुगडी कधी उलटली तेही कळू नये. रतन म्हणाली, "पंचमीला माज्यासंगं उतर. रंगूचं कशाला जू मानंवर घेतीस?"

बायडानं भीतभीत सासूला विचारलं. सासू म्हणाली, "लेक वर्सातनं एकदा येती. तिनं काय झाडासंगं फुगडी खेळायची?" झालं. रतननं दुसरी जोडीदारीण बघितली.

पंचमीच्या सकाळी बायडा पुरणाची दिंडं उकडत होती. गूळ रंगूनं आणलेला, म्हणून तो किती घालायचा हेही रंगूच सांगत होती. बायडानं धीर केला.

"वन्सं, पालटाला म्या फिरवीन. तुमी निस्तं अंग आत घ्या."

"घेते की," रंगू म्हणाली. "औंदा तुजं नाव हू दे, बायडे."

एवढ्यावर बायडा खूश. चढाओढीपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते. माणूस सवयीनं उपाशी असला की शब्दानंही पोट भरतं त्याचं.

दुपारी शेवटच्या डावाला दोनच जोड्या उरल्या. रतनची जोडी आधी उतरली, पालट बरा झाला, पण दमल्या लवकर. मग या दोघी. हातांचा तिढा घातला, पाय जुळवले आणि रंगूनं अशी फिरवली की बायकांनी पदर तोंडाला लावले. काय म्हणा, फिरवावी तर रंगूनंच!

"पालट!"

बायडानं हात आवळले. रंगूनं अंग आत घ्यायचं सोडून आणखीच मागं टाकलं. बायडाला वाटलं, ऐकलं नसेल. ती हलकेच म्हणाली, "वन्सं, पालट." रंगू तिच्याकडे बघून हसली आणि तशीच त्याच अंगाला ओढत राहिली. गोजरबाई पुन्हा ओरडली. आता थांबवायची तर एकच वाट होती, हात सोडायचे. पण दर फेऱ्याला रंगूच्या पाठीशी पाराचा दगड येत होता. तिनं सगळं अंग बायडाच्या दोन हातांवर निर्धास्त सोडलं होतं. ही सोडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बायडानं सोडले नाहीत. ती फिरत राहिली, दरसाल फिरायची तशीच.

"रंगूच्या भावजयीला फिरवता येत न्हाई," गोजरबाईनं निवाडा दिला. "जोडी बाद."

कामावरच्या बायका खाली बघू लागल्या. रतनच्या जोडीला खणनारळ मिळाला. घरी येताना रंगू म्हणाली, "माजे पायच ऐकंनात गं. सवय पडली त्यास्नी." सासू रात्री जेवली नाही, लेकीचा मान सुनेनं घालवला म्हणून. बायडाचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, म्हणाला, "येत नव्हतं तर उतरायचं कशाला?" बायडा भांडी घासत होती. सांगून पटणार कुणाला होतं?

दुसऱ्या दिवशी रंगू निघाली. श्रीमंत फाट्यावर एसटी बघायला पुढे गेला होता. बायडानं नणंदेची ओटी भरली, गाठोडं बांधलं. रंगू परसात आली आणि तिनं हात पुढे केले.

"ये बायडे, जाता जाता येक फुगडी. आता तूच फिरीव. हितं कोन बगतंय!"

बायडानं हात का दिले, देव जाणे. एकदा तरी, असं वाटलं असेल. तिनं फिरवायला सुरुवात केली आणि रंगू पिसासारखी तिच्या ओढीनं आली. बायडानं हात जरासे आवळले. रंगूनं लगेच अंग आत घेतलं, फुगडी उलटली, पुन्हा उलटली. कुठे अडखळणं नाही की ओढाताण नाही. पाय ऐकत होते. कालही ऐकले असते. बायडा थांबली.

रंगू धापा टाकत हसत होती. "अगं, काय ग्वाड फिरीवतीस! काल का न्हाई अशी फिरीवली?"

"त्येच म्हन्ते मी," दारातून सासू बोलली. "चारचौगात हिला काई जमत न्हाई."

बायडानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि फाट्याची वाट धरली. तिला रंगूचा राग आला, सासूचा आला. पण सगळ्यांत जास्त आला तो आपल्या हातांचा. काल ते सुटायला हवे होते, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.