एलुंगाटच्या अंगणातला माठ

मी माठ बोलतोय, आणि रागाने बोलतोय. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून तुम्ही लोक हसता. घडा पालथा घातला कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. मला अकरा वर्षं पालथं घालून ठेवलं होतं. त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

अकुलेमोन गावाच्या पश्चिमेला मोठी दलदल आहे, तिच्या काठच्या मातीचा मी. असेकेन्ये लग्न होऊन आली, त्या पहिल्याच सुगीला तिने मला कुंभारणीकडून आणलं. घरी आलो तर मी गळायला लागलो. तिचा नवरा एलुंगाट गावोगावचे हापसे दुरुस्त करायचा. तो मला उचलून उन्हात धरून म्हणाला, "बाई, ही चाळण आणलीस की माठ?"

"तुम्ही हापसे दुरुस्त करता ना? करा मग."

तो डोकं खाजवत बसला. शेवटी तिनेच माझ्यात नाचणीची पातळ पेज शिजवली, माझी बारीक भोकं बुजली, आणि त्या दिवसापासून मी एक थेंब सांडला नाही. तो मात्र पुढे दहा वर्षं सगळ्यांना सांगत होता की माठ मी दुरुस्त केला.

मी पाण्याचा माठ नव्हे. आमच्याकडे नाचणीची अजोन नावाची दारू करतात. पीठ आंबवायचं, भाजायचं, वाळवायचं, पुन्हा आंबवायचं. मग ते माझ्यात भरून वर कढत पाणी ओतायचं, आणि सगळ्यांनी भोवती बसून लांब लांब नळ्यांनी ओढायचं. दुपार कलली की एलुंगाटच्या अंगणात आठ-दहा नळ्या माझ्या तोंडात असायच्या. गावातली सोयरीक, भांडण, कुणाचा बैल कुणाच्या शेतात गेला, सगळं माझ्या कानावर आहे. एक नियम मात्र कुणी मोडायचा नाही. जो मानाचा माणूस, त्याची नळी आधी. तो येईपर्यंत बाकीच्यांनी नळ्या मांडीवर ठेवून बसायचं. नियम चांगला आहे. पण चांगल्या नियमाने गावाचं कसं वाटोळं होतं, ते मी पाहिलंय.

उत्तरेकडून बंडखोर आले ते एका वर्षी पेरणीनंतर. पोरं पळवायचे, घरं जाळायचे. सरकारी शिपायांची छावणी सतरा किलोमीटरवर, तिकडून नुसते निरोप यायचे. तेव्हा गावातल्या पुरुषांनी माझ्याभोवती बसून ठरवलं की आपणच आपलं रक्षण करायचं. कुणाकडे धनुष्य, कुणाकडे भाला. छावणीवाल्यांनी बारा जुन्या बंदुका दिल्या आणि म्हणाले, तुमच्यातला एक कॅप्टन करा.

"एलुंगाटला करा," म्हातारे ओकिरोर म्हणाले. ते आमच्या कुळातले सगळ्यात वडीलधारे. "जिथे हापसा तिथे तो जाऊन आलाय. याच्याइतक्या वाटा बंडखोरांनाही ठाऊक नसतील."

"मला बंदूक नीट धरता येत नाही, बाबा."

"पाना धरतोस ना? तशीच धर."

सगळे हसले. तोही हसला. पायात हापशाच्या चिखलाने माखलेले गमबूट, हाताला ग्रीसचा वास. हा आमचा कॅप्टन.

तीन महिन्यांनी, एका सकाळी, बंडखोर दलदलीवरच्या मातीच्या रस्त्याने आले. गावात यायला तेवढी एकच वाट. एलुंगाटने एकोणीस जणांना घेऊन ती वाट अडवून धरली. असेकेन्ये नऊ वर्षांच्या अपोलोटला घेऊन बाकी गावाबरोबर खडकांकडे पळाली. मी अंगणातच राहिलो. गोळ्यांचे आवाज दुपारपर्यंत ऐकले, मग ते थांबले. बंडखोर मागे फिरले. गावातलं एक छप्परही जळलं नाही. एलुंगाट आणि त्याचे चार सोबती तिथेच पडले. ज्या मातीचा मी, त्याच मातीवर.

आणि त्याच सकाळी त्याचा जिवलग दोस्त जस्टस ओचोम एलुंगाटचीच सायकल घेऊन गावातून जोरात निघून गेला. अख्ख्या गावाने पाहिलं. मीही पाहिलं. अंधार पडता पडता परत आला, तेव्हा प्रेतं झाकून झाली होती. कुठे गेला होतास, हे त्याला कुणी तोंडावर विचारलं नाही. पाठीमागे मात्र सगळे बोलले. मी तर मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की आतून भाजून निघालो.

आमच्या घरची रीत अशी, की घरचा कर्ता गेला की त्याचा माठ पालथा घालायचा. मग पुरेशी नाचणी जमली, बैल मिळाला, की अपुन्या करायचा. अपुन्या म्हणजे मेलेल्याचा शेवटचा विधी. त्या दिवशी माठ सुलटा करून भरतात, त्याला शेवटचं पाहिलेले लोक बोलतात, सगळे पितात, आणि मेलेला माणूस मोकळा होतो. बायकोचं सुतक फिटतं. त्याचं नाव घरातल्या बाळाला ठेवता येतं. तोवर ना तो मोकळा, ना ती, ना मी.

असेकेन्येने दुसऱ्याच वर्षी नाचणी जमवली. तेवढ्यात स्मारक समिती निघाली. अध्यक्ष कोण? जस्टस ओचोम. मला हसावं की फुटावं कळेना.

"वहिनी," तो म्हणाला, "हा साधा माणूस नव्हे. कॅप्टन आहे. याचा अपुन्या सरकारी इतमामाने झाला पाहिजे. मी आपल्या भागाच्या खासदारांना, माननीय साहेबांना बोलावलंय. ते येतील, स्मारकाचा दगड बसवतील, पहिली नळी त्यांची."

असेकेन्येने मान डोलावली. नवऱ्याचा मान होतोय, कुठली बाई नाही म्हणेल? मला धुतलं, भरलं. मंडप पडला, खुर्च्या आल्या. लोक नळ्या मांडीवर ठेवून बसले. एक दिवस. दोन दिवस. साहेबांना कुठल्याशा लग्नाला जावं लागलं. पहिली नळी पडली नाही, म्हणून दुसरी कुणाची पडली नाही. अजोन काय साहेबांची वाट बघणार आहे? चौथ्या दिवशी ती माझ्या पोटात आंबटढाण झाली. पाचव्या दिवशी डुकरांना घातली आणि मला पुन्हा पालथं घातलं.

सहाव्या वर्षी पुन्हा तेच. नाचणी, मंडप, खुर्च्या, आणि साहेबांचा निरोप, की बैठक आहे. पुन्हा डुकरांची चंगळ. त्या डुकरांनी माझ्या मालकाचा अपुन्या दोनदा केला, गावाने एकदाही केला नाही.

तो दगड मात्र तयार होऊन आला होता. वर साहेबांचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत, यांच्या शुभहस्ते. खाली एलुंगाटचं नाव, बोटाएवढं. तारखेची जागा कोरी. तो दगड माझ्याशेजारीच भिंतीला टेकवून ठेवला. मेलेल्यापेक्षा येणाऱ्याचं नाव मोठं, आणि येणारा येत नाही. असल्या शेजाऱ्याबरोबर वर्षानुवर्षं राहून बघा, म्हणजे मला राग का येतो ते कळेल.

यंदा अपोलोट बाळंत झाली. मुलगा. आमच्याकडे नाव ठेवताना आजी अजोनमध्ये बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावते आणि घरातल्या गेलेल्यांचं एकेक नाव घेते. ज्या नावाला बाळ चोखेल, ते त्याचं नाव. अपोलोटने हट्ट धरला. "माझ्या बाबांचं नाव यादीत नसेल, तर बाळाला नावच ठेवायचं नाही."

दोन महिने पोर बिननावाचं. हापशावर बायका टोमणे मारायच्या, "काय गं अपोलोट, तुझ्या बाळालाही प्रमुख पाहुणा यायचाय का?" ती घरी येऊन भांडी आपटायची. असेकेन्ये एकदा माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या बुडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बास झालं." माझ्याशीच बोलली ती. दुसरं कुणी नव्हतं तिथे.

तिने तिसऱ्यांदा नाचणी आंबवली. ओचोमने तिसऱ्यांदा साहेबांना कळवलं. शनिवार ठरला. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांच्या माणसाचा फोन आला, की पुढच्या शनिवारी नक्की.

शनिवारी सकाळी असेकेन्येने मला सुलटं केलं, भरलं आणि कढत पाणी ओतायला लागली. ओचोम धावत आला.

"वहिनी, थांबा. एकच आठवडा."

"हे अजोनला सांगा, भाऊजी. तिने ऐकलं तर मीही ऐकते."

"पण पहिली नळी कुणाची? मानाचं माणूस नको?"

ती पाणी ओतत राहिली. म्हातारे ओकिरोर नातवाच्या खांद्याला धरून आले, खाली बसले आणि म्हणाले, "आधी बोलणं, मग पिणं. एलुंगाटला शेवटचं कुणी पाहिलं? बोला." एकोणिसांतले जे उरले, ते बोलले. कुणी सांगितलं तो कसा हसला, कुणी सांगितलं त्याची काडतुसं कधी संपली. मग म्हातारे म्हणाले, "ओचोम, तूही त्याला पाहिलंस. सायकल घेताना."

मला वाटलं, आता याची चांगली जिरणार. अकरा वर्षं मी याच घटकेची वाट बघत होतो.

ओचोम उभाच होता. "सायकल त्यानेच दिली," तो म्हणाला. "म्हणाला, छावणीवर जा, गाडी घेऊन ये. मी तासाभरात पोचलो. तिथले अधिकारी म्हणाले, मोठे साहेब आल्याशिवाय गाडी हलणार नाही. येतीलच इतक्यात. बस तिथे. तिथे आंब्याचं झाड होतं. मी बसलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यांनी मला चहा दिला. मी प्यायलो. गोळ्यांचा आवाज तिथवर येत नव्हता. चार वाजता कुणीतरी सांगितलं, आता जाऊन उपयोग नाही."

"हे इतकी वर्षं का बोलला नाहीस?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"काय बोलू? पळालो म्हणतात, ते बरं वाटायचं. पळणारा निदान घाबरलेला असतो. मी चहा पीत बसलो होतो." मग असेकेन्येकडे न बघता म्हणाला, "मला वाटायचं, त्या दिवशी कुणी मोठा माणूस आला नाही, निदान एलुंगाटच्या अपुन्याला तरी एखाद्याने यावं. एकदा तरी यावं."

असेकेन्येने हातातलं भांडं खाली ठेवलं. "भाऊजी, म्हणून तुम्ही आम्हालाही अकरा वर्षं त्याच झाडाखाली बसवलंत."

तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. कुणी त्याला उठवलं नाही, कुणी हाकललंही नाही. असेकेन्येने आत जाऊन आपली स्वतःची नळी आणली आणि सगळ्यांच्या आधी माझ्यात घातली. बाईची नळी पहिली, असं आमच्या अंगणात कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग स्वतःची नळी घातली. ओचोमला शेवटची जागा मिळाली, पण मिळाली.

माझा राग गेला असं समजू नका. तो तेवढाच आहे, फक्त आता ओचोमच्या नावाने नाही. ज्या माणसाची वाट पाहत एक गाडी उभी राहिली आणि पाच माणसं मेली, त्याच जातीच्या माणसाची वाट पाहत एक बाई अकरा वर्षं सुतकात राहिली. वाट पाहायला लावणाऱ्याचं काय गेलं? आणि आपण शहाणे, नळ्या मांडीवर ठेवून मान राखत बसलो.

दुपारी असेकेन्येने माझ्यात बोट बुडवलं. सासऱ्याचं नाव घेतलं, बाळाने तोंड फिरवलं. चुलत्याचं घेतलं, बाळ रडायला लागलं. मग तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. पोराने तिचं बोट तोंडात असं धरलं की सोडवेना.

पुढच्या शनिवारी साहेब खरंच आले. चार गाड्या, धूळ, कॅमेरा. दगड बघून खूश झाले. मंडप नाही, माणसं नाहीत हे बघून जरा गोंधळले. मी दाराशी होतो, सरळ, तळाशी चोथा घेऊन. एक जण मला बघून म्हणाला, "हा माठ फोटोत घ्या." असेकेन्येने मला उचलून बाजूला ठेवलं.

साहेबांनी भाषणाचा कागद काढला, घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात विचारलं, "तर, कॅप्टन एलुंगाट कुठे आहेत? म्हणजे, त्यांची जागा कुठली?"

"आत झोपलाय," असेकेन्ये म्हणाली. "हळू बोला, उठेल."