सहा डोळ्यांच्या कोळ्याची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. करंगळीएवढी. अंधेरीच्या गावठाणातल्या एका घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर उभी असते. माझ्या पोटात आता काही नाही.

पूर्वी माझ्यात होमिओपॅथीच्या गोड गोळ्या असत. त्या संपल्यावर इव्हाबाईंनी मला उकळत्या पाण्यात धुऊन घेतलं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीला मुलुंडच्या डोंगरात जायच्या. तिथे एक दाट घळ होती. मे महिन्यातही तिथला पाला ओला असे.

१९६९ च्या डिसेंबरात उलट्या धरलेल्या छत्रीत पाला झटकताना त्यांना ती दिसली. मोहरीच्या निम्मी, मधाच्या रंगाची, कोळ्याची एक मादी. तिचं शरीर कुजू नये म्हणून बाईंनी शाळेतलं स्पिरिट माझ्यात भरलं, तिला अलगद आत सोडलं, आणि शिसपेनने जागा-तारीख लिहून चिठ्ठीही आत घातली.

कोळ्यांना बहुधा आठ डोळे असतात. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली हिचे चार वेळा मोजले. सहाच! दोन वर्षं त्यांनी तिच्या पायांवरचा केस न् केस चितारला, पुस्तकं धुंडाळली. अशी जात कुठेच नव्हती. शेवटी कलकत्त्याच्या तज्ज्ञांचं पत्र आलं : 'जात नवी दिसते. पण नुसत्या चित्रावरून नाव देता येत नाही. मे महिन्यात नमुना घेऊन या.' तेव्हा माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

बाईंचे वडील हातभट्टीची पिऊन गेले होते. त्यांच्या आईने, ॲग्नेसबाईंनी, क्रुसासमोर शपथ घेतली होती की या घरात दारूचा थेंब येणार नाही. आणि स्पिरिटला तर दारूचाच वास. म्हणून बाईंनी मला चादरींच्या मागे लपवलं. आईला काही सांगितलं नाही. तिथेच चुकलं.

उपवासकाळात बाई तीन आठवडे पुण्याला शिक्षकांच्या वर्गाला गेल्या. ईस्टरची साफसफाई करताना मी ॲग्नेसबाईंच्या हाती लागले. त्यांनी बूच काढून वास घेतला.

"माझ्या घरात? तेही उपासाच्या दिवसांत?"

चिठ्ठी पडू नये म्हणून त्यांनी बोट आडवं धरून स्पिरिट मोरीत ओतलं. मग त्यांना ती दिसली. "अगो बाय, तुलाही पाजली काय? तुझा बिचारीचा काय दोष?" असं म्हणत त्यांनी मला चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याने काठोकाठ भरलं, क्रुसाची खूण केली आणि जागेवर ठेवलं. मायेने केलं हो सगळं. मी काच. मला ओरडता येत नाही.

पाणी गढूळ झालं. तिचा एकेक पाय गळून माझ्या तळाशी बसला.

बाईंनी परत येऊन मला उजेडात धरलं. "आये, यातलं स्पिरिट?"

"दारू म्हण! तुझ्या बापाला खाल्लं तिनं. ओतली मोरीत."

बाईंनी काय झालं ते हळूहळू सांगितलं. ॲग्नेसबाईंनी मला हातात घेतलं. "मला सांगायचं नाहीस? मी काय तुझी वैरीण?"

दुसरी मादी शोधायला बाई मला धुऊन, सोबत घेऊन मुलुंडला गेल्या. डोंगराला खाण लागली होती. घळ दगडांच्या चुऱ्याने बुजली होती.

"काय हरवलं बाई, सोनं?" एका खाणकामगाराने विचारलं.

"कोळी."

तो हसत सुटला. बाई पुढचे कितीतरी रविवार गेल्या. मी दर वेळी रिकामीच परतले.

मित्रांनो, जे जिवापाड जपता ते घरच्यांपासून लपवू नका. आणि अनोळखी बाटली ओतण्याआधी एकदा तरी विचारा.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत वाचायची नावं ॲग्नेसबाई सांगत होत्या आणि बाई लिहीत होत्या. वडिलांचं झालं, आत्याचं झालं. मग ॲग्नेसबाई घुटमळल्या. "आणि तुझी ती? तिचं नाव काय?"

"नव्हतं, आये. तेच तर ठेवायचं होतं."

"मग लिही, इव्हाच्या कुपीतली. देवाला कळेल."

देवाला कळेलही, मित्रांनो. माणसांना मात्र ती आता कधीच कळायची नाही.