हसरा फोटो

व्हिसा कचेरीतल्या साहेबांनी फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि त्यातला एक बोटाने पुढे सरकवला. समोर बसलेल्या बाईच्या लेकीच्या वाढदिवसाचा होता.

"इथे तर तुम्ही छान हसताय."

बाईने फोटोकडे पाहिलंही नाही. सकाळभर याच साहेबांनी तिच्याकडे लग्न खरं असल्याचा पुरावा मागितला होता. देशात शिरायला खोटी लग्नं करणाऱ्या बायका त्यांनी म्हणे ढिगाने पाहिल्या होत्या. म्हणून तिने फोटो दिले. आता जेवून, ढेकर देऊन आल्यावर त्यांना त्याच नवऱ्याने मारल्याचा पुरावा हवा होता. तो पटला तर मायलेकींना इथे स्वतंत्र राहता येणार होतं. नाही पटला तर परत त्याचंच घर, नाहीतर देशाबाहेर. असा कायदा करणाऱ्यांच्या अकलेचे दिवे तिने आता पुरते पाहून घेतले होते.

"मारणारा नवरा आणि असं तोंडभर हसू? पटत नाही हो."

"फोटो तोच काढायचा. हसा म्हणायचा."

"म्हटलं की कुणी हसतं का?"

या माणसापुढे शब्द खर्च करायचीही तिला किळस आली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कॅमेरा उचलला. निर्णय काहीही होवो, फाइलला मुलीचा फोटो लागणारच होता.

"बेटा, इकडे बघ. हसायचं नाही हं. हसरा फोटो चालत नाही."

कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली पाच वर्षांची लेक कॅमेरा दिसताच खडू टाकून उठली. तिने बाही ओढून दंड झाकला, हात मागे बांधले आणि सगळे दात दाखवून हसली.

"हसू नको म्हटलं ना!"

आवाज चढला तशी ती आणखी हसली. गाल थरथरायला लागले, डोळे भरले, पण ओठ मिटले नाहीत.

"भलतीच हसरी आहे हो पोर तुमची," साहेब वैतागून म्हणाले.

"आई," तसंच हसत लेकीने विचारलं, "बाबांना सांगशील ना, मी हसले म्हणून?"

साहेबांच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला.

बाईने वाढदिवसाचा फोटो एका बोटाने परत त्यांच्यापुढे सरकवला. त्यात मायलेकी दोघीही हात मागे बांधून उभ्या होत्या.