सुवचन सप्ताह

चोंगजू शहरातल्या त्या शाळेत छळ थांबवायची एक पक्की रीत होती. आधी फलक लावायचा, मग फलकासमोर उभं राहून फोटो काढायचा. फोटो जिल्हा शिक्षण कार्यालयाला गेला की छळ थांबला असं धरून सगळे शिक्षक कॉफी प्यायला मोकळे. या वर्षी फलक जरा मोठा होता, कारण या वर्षी छळ झालेली मुलगी आयतीच हाताशी होती.

तिचं नाव ताक् हे-वन, आठवीतली. वसंतातल्या सहलीपर्यंत तिला सगळे हे-वन म्हणत, सहलीनंतर 'किंबाप' म्हणू लागले. परतताना ती बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपली होती. तिचा तसाच फोटो काढला गेला, त्या उघड्या तोंडात भात आणि शेवाळाची एक जाडजूड वळकटी, म्हणजेच किंबाप, चिकटवली गेली, आणि चित्र वर्गाच्या ग्रुपवर आलं. हे-वनच्या आईचं किंबापचं दुकान शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं, त्यामुळे थट्टेला जोर चढला. महिनाभरात त्या चित्राचे इतके प्रकार झाले की हे-वनच्या तोंडात काय काय कोंबलं गेलं याची तिलाच आठवण राहिली नाही.

ती ग्रुपमधून बाहेर पडली की कोणीतरी तिला परत आत घेई. पुन्हा बाहेर पडली, पुन्हा आत. मांजरीचं पिल्लू टोपलीबाहेर आलं की पोरं मानगूट धरून त्याला परत टोपलीत टाकतात, तसा हा खेळ. आत असताना गप्प बसायचीही सोय नव्हती. संदेशाशेजारी न वाचलेल्यांचा आकडा दिसतो. सगळ्यांचं वाचून झालं आणि एक उरला, की तो एक कोण हे सांगावं लागत नाही. मग सुरू व्हायचं, "किंबाप, वाच ना गं. सगळे तुझ्यासाठी थांबलोय." बरं, ग्रुप कायमचा बंद करावा तर गृहपाठही तिथेच येई.

शेवटी आई शाळेत गेली. वर्गशिक्षक ब्योन सरांनी तिला खुर्ची दिली.

"हे-वनच्या आई, बसा ना."

"बसायला वेळ नाही सर, भात लावून आलेय. या पोरांना कोणी बोलणार आहे की नाही?"

"बोलायचं तर आहेच हो. पण असं बघा, हे वर शिक्षण कार्यालयाच्या समितीकडे नेलं की चौकशी आली, जबाब आले. मुलींच्या मनावर केवढा ताण! त्यात जी-आन वर्गप्रमुख. तिला पुढे चांगल्या शाळेत जायचंय. एकदा का नोंद झाली…"

"आणि माझीला कुठे जायचंय?"

"अहो, तुमचीचाच तर विचार करतोय मी," सर म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांना स्वतःचंच फार कौतुक वाटलेलं दिसलं.

ही यूक जी-आन म्हणजे तीच, जिने पहिली वळकटी चिकटवली होती. सरांना ते ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं सगळं अधिकृतपणे कळून घ्यायचं नसतं, एवढं शहाणपण वीस वर्षांच्या नोकरीत येतंच.

सरांनी उपाय काढला तो सुवचन सप्ताहाचा. समाजसेवेचे ठरावीक तास सगळ्याच मुलांना भरायचे असतात. पूर्वी त्यासाठी नदीकाठचा कचरा उचलावा लागे. हल्ली इंटरनेटवर चार गोड वाक्यं लिहिली तरी तास मिळतात. हाताला घट्टे न पडता समाजसेवा. तर वर्गातल्या प्रत्येकाने रोज ग्रुपवर हे-वनबद्दल एक चांगलं वाक्य लिहायचं, तिने प्रत्येकाला धन्यवाद म्हणायचं. शेवटी समारोपाचा समारंभ, आणि तो झाला की आईने सही करायची, की प्रकरण शाळेतच मिटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण बंबाला फुलांच्या माळा मात्र भरपूर.

हे-वन सरांना एकटी जाऊन भेटली.

"सर, मला फक्त ग्रुप सोडायचाय. बाकी काही नको. माफीसुद्धा नको."

"अगं वेडे, सगळे तुझ्याबद्दल चांगलं लिहिणार आणि तूच नाहीस? नवरीशिवाय लग्न लावायचं का?"

"गृहपाठ मी फळ्यावरून उतरवून घेईन."

"सप्ताह संपला की सोड. मग तुला कोणी परत घेणार नाही. माझा शब्द."

तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला. आठवडाच तर काढायचा होता.

पहिलं वाक्य अर्थातच वर्गप्रमुख जी-आनचं. 'हे-वन, तू वर्गात आलीस की तिळाच्या तेलाचा घमघमाट सुटतो! आम्हाला लगेच भूक लागते. थँक्यू!' त्यामागोमाग इतरांची रांग लागली. 'तुझं तोंड इतकं मोठं आहे की सगळ्या वर्गाची स्वप्नं त्यात मावतील.' 'तू झोपलीस की किती निरागस दिसतेस, कायम झोपून राहा.' 'एवढं सगळं होऊनही तू अजून शाळेत येतेस! तुझ्या धीराला सलाम.'

शिवी असती तर दाखवता आली असती. इथे बोट ठेवायला जागाच नव्हती. ओक सू-ह्यॉक नावाच्या एका मठ्ठ मुलाने सवयीने 'डुक्कर' असं लिहिलं, तर जी-आननेच त्याला झापलं, "घाण लिहू नकोस रे, सर वाचतात. गोड लिही." त्याने लगेच बदलून 'गुबगुबीत' केलं आणि त्यालाही तास मिळाले. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि कीर्तनाला हजेरी लावणारे सर रोज खाली एक हसरा चेहरा टाकून जात. एका संध्याकाळी हे-वनने धन्यवाद म्हणायला उशीर केला, तर सरांनीच लिहिलं, 'हे-वन, मित्रांच्या प्रेमाला उत्तर द्यायचं असतं.'

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती फोन घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेली.

"सर, हे चिडवतायत मला."

"कुठे? दाखव बरं."

"हे बघा. तेलाचं."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "घमघमाट म्हटलंय अगं. दुर्गंध म्हटलंय का?"

"नाही, पण…"

"पण काय? लोक चांगलं बोलतात तेही तुला टोचतं. कौतुक घ्यायला शिकावं माणसाने. इंटरनेटवर कसं वागावं याचा तासच घेतो मी, मला कळणार नाही का?"

खरोखरच ते तो तास घेत. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, असं ते मुलांना शिकवत. ओळखीच्या माणसांचं काय करायचं, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

दुकानात आई मात्र खुशीत होती. गिऱ्हाईक नसलं की ती हे-वनचा फोन मागून घेई आणि मोठ्याने वाची.

"'तुझ्या धीराला सलाम.' बघ! सुधारली गं पोरं. मी उगीच त्यांना शिव्याशाप देत होते."

"हं."

"हं काय? आणि हे बघ, आपल्या तेलाचंसुद्धा कौतुक केलंय कुणीतरी. जी-आन म्हणजे ती वर्गप्रमुखच ना? मनाने वाईट नाहीये पोरगी."

हे-वनला खरं सांगायचं होतं. पण सांगायला तेलापासून सुरुवात करावी लागली असती, आणि आई त्याच वेळी तळहाताला तिळाचं तेल लावून तयार वळकट्यांवरून हात फिरवत होती. हे-वनला आईचा भयंकर राग आला. राग आला म्हणून लाजही वाटली. तिने काकड्या कापायला घेतल्या. आठवडा संपत आलाच होता.

समारोपाला सभागृह भरलं. शिक्षण कार्यालयाचे एक साहेब आले होते, पालक आले होते. आईने तर पहाटे उठून पाहुण्यांसाठी किंबापचे डबे भरले होते, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. उपकार मानायला म्हणून तिने ते आणले. साहेबांना समारंभ संपेपर्यंत धीर धरवला नाही, त्यांनी पहिल्या रांगेतच डबा उघडला.

एरवी सकाळीच पिशवीत गोळा होणारे फोन त्या दिवशी मुलांना परत दिले होते. सर्वांनी एकाच वेळी ग्रुपवर सुवचन लिहायचं आणि ते मोठ्या पडद्यावर झळकायचं, अशी कल्पना. पडद्याला ब्योन सरांचा लॅपटॉप जोडलेला होता. घोषवाक्याचं पहिलं बक्षीस यूक जी-आनला मिळालं. 'तुझा एक शब्द, कुणाचं अख्खं आयुष्य.' ती म्हणाली, "शब्दांनी जखमी झालेल्या मैत्रिणीचा हात मी कधीच सोडणार नाही." टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

मग हे-वनला मंचावर बोलावून तिच्या अंगावर एक चकचकीत पट्टा चढवण्यात आला. मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला.

"हा उपक्रम एवढा यशस्वी झाला आहे की आम्ही तो एका आठवड्यावर थांबवणार नाही. हा ग्रुप वर्षभर असाच चालेल! जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा तो बघतील. आणि आपली हे-वन असेल आपली सुवचनदूत!"

हे-वनने ब्योन सरांकडे पाहिलं. ते लॅपटॉपमागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिच्या नजरेला नजर मिळाली तेव्हा ते अधिक जोरात वाजवू लागले.

"बोल हे-वन, धन्यवाद म्हण सगळ्यांना," मुख्याध्यापकांनी माईक तिच्यापुढे धरला.

फोन तिच्या हातातच होता. तिने खाली पाहून एकदा अंगठा दाबला. पडद्यावरच्या फुलाफुलांच्या वाक्यांखाली एक राखाडी ओळ उमटली.

ताक् हे-वन ग्रुपमधून बाहेर पडली.

काय झालं ते मोठ्यांना कळण्याआधीच दुसरी ओळ आली. यूक जी-आनने ताक् हे-वनला आत घेतलं.

जित्याची खोड, दुसरं काय! बक्षिसाची ढाल डाव्या हातात होती, तरी उजव्या अंगठ्याला समारंभ असल्याचं भान राहिलं नाही. हे-वन पुन्हा बाहेर पडली. ओक सू-ह्यॉकने तिला आत घेतलं. ती पुन्हा बाहेर पडली, तर तिघांनी एकदमच ओढलं, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. सहा महिने शिकलेला खेळ होता, बोटं आपोआप चालत होती. पडद्यावर नावांनिशी ओळी चढत चालल्या होत्या, आणि सगळे पालक आपापल्या मुलांची नावं वाचत होते.

"थांबा ना रे, मूर्खांनो!" मंचावर शेजारीच उभी असलेली जी-आन दातओठ खाऊन म्हणाली. मुख्याध्यापकांच्या हातातल्या माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं.

हे-वन आणखी एकदा बाहेर पडली. या वेळी कोणाचा अंगठा हलला नाही. सगळे फोन खिशात गेले. पडद्यावरची ती शेवटची राखाडी ओळ तशीच राहिली, आणि हे-वनच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती बाहेर होती. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, इतकं बरं वाटलं.

मुख्याध्यापक ब्योन सरांच्या कानाशी वाकले. "कार्यक्रम पुरा करा हो. साहेब बसलेत."

लॅपटॉपवर जे होई ते पडद्यावर दिसत होतं, याचा सरांना विसर पडला असावा. सगळ्या सभागृहासमोर बाणाचं टोक हललं. ते वरच्या कोपऱ्यात गेलं. वर्गाची नावं उघडली. टोक एकेका नावावरून सरकत खाली आलं, ताक् हे-वनपाशी येऊन थबकलं. तिने ते येताना पाहिलं. आईनेही पाहिलं. मग नावापुढे खूण झाली.

ब्योन सरांनी ताक् हे-वनला आत घेतलं.

"हां," सर घसा साफ करत म्हणाले, "म्हण आता धन्यवाद, बाळा."

आई खुर्चीवरून उठली. ती मंचाकडे गेली नाही, सरांकडेही गेली नाही. ती सरळ पहिल्या रांगेत साहेबांपुढे जाऊन उभी राहिली, त्यांच्या मांडीवरचा किंबापचा डबा तिने उचलला आणि त्याचं झाकण लावलं.

"साहेब, तुमच्याकडे म्हणे समिती असते. तिथे यायचंय मला. माझ्या पोरीला परत आत कोणी ओढलं, ते आता तुम्हीच वाचलंत ना?"

साहेबांच्या तोंडात घास होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.